वन्य हत्तींचे व्रण : निसर्गाचे रोपण आणि वैद्याचे शोधन

प्रस्तावना

व्रणचिकित्सेत वैद्याचे कार्य नेमके कोठे सुरू होते आणि कोठे संपते, हा प्रश्न आपणा सर्वांना व्यवसायात कधी ना कधी पडतो. काही व्रण केवळ स्वच्छता, विश्रांती व पथ्य यांवर भरून येतात. काही व्रण मात्र उत्तमोत्तम तैले व मलहर वापरूनही महिनोन्‌महिने वाहत राहतात. या दोहोंतील भेद वेळीच ओळखणे हे व्रणचिकित्सेचे मर्म होय. त्याचा विचार करण्यासाठी प्रस्तुत लेखात एक निराळा रुग्ण निवडला आहे. हा रुग्ण वेदना सांगत नाही, पट्टी ठेवू देत नाही, पथ्य पाळत नाही आणि एकदा तपासल्यावर पुन्हा भेटेल याची शाश्वती नसते. हा रुग्ण म्हणजे रानात मोकळा फिरणारा हत्ती.

हत्ती चिखलाचा लेप लावून स्वतःची जखम बरी करतो, त्याला रानातील औषधी उपजतच ओळखता येतात, अशी विधाने आपल्या व्याख्यानांतून व लेखांतून वारंवार केली जातात. त्यांत सत्यांश आहे. परंतु तो नेमका किती, हे सहसा सांगितले जात नाही. हत्तीचे स्वतःचे वर्तन व्रणाचे रक्षण करते आणि बऱ्याच वेळा रोपणाला अवकाश देते. खोल गेलेल्या दुष्ट व्रणाचे शोधन मात्र त्याच्या शक्तीबाहेरचे असते. ही सीमारेषा स्पष्ट करणे हा या लेखाचा हेतू आहे.

पालकाप्य परंपरा

गजचिकित्सेचा आद्य ग्रंथ म्हणून पालकाप्य मुनींच्या नावावर असलेला ‘हस्त्यायुर्वेद’ प्रसिद्ध आहे. पुण्याच्या आनंदाश्रम संस्थेने तो इ. स. १८९४ मध्ये मुद्रित केला, ही महाराष्ट्रातील वैद्यवर्गाला अभिमान वाटावा अशी गोष्ट आहे. अंग देशाचा राजा रोमपाद आणि पालकाप्य यांच्या संवादरूपाने रचलेल्या या ग्रंथात महारोगस्थान, क्षुद्ररोगस्थान, शल्यस्थान व उत्तरस्थान अशी चार स्थाने असून एकूण १६० अध्याय आहेत. त्यांपैकी एक संपूर्ण स्थान शल्यचिकित्सेला वाहिलेले आहे, यावरून हत्तीच्या व्रणांना प्राचीन काळी किती महत्त्व होते हे ध्यानात येते. युद्धात शस्त्रांचे घाव, बंधनात दोरांचे व साखळ्यांचे घाव आणि वाहनकर्मात भाराचे घाव, असे त्रिविध व्रण गजवैद्याच्या नित्य परिचयाचे होते.

या परंपरेच्या उगमाची जी कथा हस्त्यायुर्वेदात व नीलकंठकृत ‘मातंगलीले’त येते, ती आजच्या संदर्भात मुद्दाम आठवण्याजोगी आहे. रानटी हत्तींचे कळप अंग देशातील शेतांची नासधूस करू लागले, म्हणून राजाने ते पकडवून चंपानगरीत आणविले. या कळपांबरोबर वनात वाढलेले पालकाप्य त्यांचा शोध घेत तेथे आले आणि बद्ध हत्तींचे दुःख पाहून प्रथम त्यांच्या व्रणांवर औषध लावू लागले. राजाचे प्रश्न आणि मुनींची उत्तरे हा सर्व भाग त्यानंतरचा. म्हणजे पिकांची हानी, माणसाचा प्रतिकार, वन्य प्राण्याला झालेली जखम आणि त्यावर उपचार करणारा वैद्य, हा आजचा क्रम या शास्त्राच्या उगमकथेतच आहे.

मात्र एक भेद लक्षात ठेवावयास हवा. ग्रंथोक्त गजचिकित्सा ही मुख्यतः बंधनातील हत्तीची चिकित्सा आहे. गुरुवायूर देवस्थानच्या हत्तींना दरवर्षी कर्कटक मासात महिनाभर दिला जाणारा औषधी आहार व स्नान-मर्दन, हा तिचा आजही चालू असलेला आविष्कार होय. वन्य हत्तीच्या बाबतीत चिकित्सा चतुष्पादांपैकी परिचारक नसतो, रुग्ण आज्ञाधारक नसतो आणि द्रव्य एखाद्याच वेळी वापरता येते.

हत्तीचे व्रणितोपासन

सुश्रुताचार्यांनी सूत्रस्थानाच्या १९ व्या अध्यायात व्रणिताची शुश्रूषा कशी करावी हे सांगितले आहे. व्रणिताचे स्थान, शय्या, सहवास, आहार व वर्ज्य गोष्टी यांचे ते विवेचन आहे. केसांच्या चवरीने वारा घालावा, व्रण घासू वा खाजवू नये, प्रियजनांनी गोष्टी सांगून वेदनेवरून मन दूर न्यावे, असे बारीकसारीक उपदेश त्यात येतात. जखमी हत्तीच्या वर्तनाकडे या अध्यायाच्या प्रकाशात पाहिले असता काही साम्ये आढळतात.

पहिले साम्य मक्षिकानिवारणाचे. आशियाई हत्ती सोंडेत झाडाची फांदी धरून अंगावरच्या माश्या हाकलतात. नागरहोळे येथील पाळीव हत्तींवर केलेला एक अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. त्यात हत्तींना मुद्दाम वाजवीपेक्षा मोठ्या फांद्या देण्यात आल्या. १३ पैकी ८ हत्तींनी त्या मोडून, बाजूच्या डहाळ्या काढून, हाताळण्याजोग्या केल्या आणि मग वापरल्या. उष्ण प्रदेशात उघड्या व्रणावर माशी बसणे म्हणजे एक-दोन दिवसांत अळ्या पडणे होय. त्यामुळे ही सवय केवळ सुखासाठी नाही, तर व्रणरक्षणासाठीही उपयोगी आहे. सुश्रुतांच्या चवरीचेच हे आरण्यक रूप म्हणता येईल.

दुसरे साम्य सहवासाचे. थायलंडमधील हत्तींच्या निरीक्षणावर आधारलेला एक शोधनिबंध २०१४ साली प्रसिद्ध झाला. एखादा हत्ती घाबरला वा अस्वस्थ झाला की इतर हत्ती त्याच्याजवळ येतात, सोंडेने त्याच्या मुखाला व अंगाला स्पर्श करतात आणि आवाज काढतात, असे त्यात दाखविले आहे. केनियातील सांबुरू येथे ऑक्टोबर २००३ मध्ये एलिनॉर नावाने ओळखली जाणारी कळपप्रमुख हत्तीण कोसळली, तेव्हा दुसऱ्या कुटुंबातील ग्रेस या हत्तिणीने सुळ्यांचा आधार देऊन तिला उठविण्याचा प्रयत्न केला. एलिनॉर दुसऱ्या दिवशी सकाळी मरण पावली. इयन डग्लस-हॅमिल्टन व सहकाऱ्यांनी हे निरीक्षण २००६ साली प्रसिद्ध केले. या आधाराने तिचा प्राण वाचला नाही. परंतु एरवी पडलेल्या हत्तीला पुन्हा उभे राहण्यास अशी मदत मोलाची ठरू शकते. हत्ती फार काळ एकाच स्थितीत पडून राहिल्यास स्वतःच्याच भाराने त्याचे स्नायू व श्वसन संकटात येते.

तिसरे साम्य स्थानाचे. जखमी हत्ती बहुधा पाणी व सावली जवळ असलेल्या जागी रेंगाळतो आणि आपला वावर कमी करतो. पाण्यात उभे राहण्याने दाह शमतो, अंगाचा भार हलका होतो आणि माश्या दूर राहतात.

चिखलाचा लेप : किती औषध, किती आवरण?

हत्तीला घर्मग्रंथी जवळजवळ नाहीत आणि त्वचेला स्निग्ध ठेवणाऱ्या ग्रंथीही नाहीत. त्वचेचे शैत्य व मार्दव त्याला बाहेरून मिळवावे लागते. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार आफ्रिकी हत्तीच्या त्वचेवरील सूक्ष्म भेगांच्या जाळ्यामुळे सपाट पृष्ठभागाच्या तुलनेत पाच ते दहा पट पाणी धरून ठेवले जाते आणि चिखलही चिकटून राहतो. तेव्हा पंकस्नान ही निरोगी हत्तीची नित्य दिनचर्या आहे, हे प्रथम समजून घेतले पाहिजे. जखम झाल्यावर तो याच दिनचर्येचा उपयोग करतो. सोंडेने माती वा चिखल उचलून जखमेच्या जागी पुन्हा पुन्हा फेकतो.

या लेपाचे तीन परिणाम निश्चित आहेत. ओल्या मातीतील पाणी उडून जाताना शैत्य येते, म्हणजे पित्तज दाह व वेदना कमी होतात. वाळलेला थर माश्यांना व उन्हाला अडवितो. पुढे तो थर झाडाला अंग घासताना निघतो, तेव्हा त्याबरोबर गोचिडांसारखे बाह्य कृमीही गळून पडतात. उथळ व्रणांत एवढे साहाय्य पुरेसे होते. फाटलेले कान, तुटलेली शेपटी, फांद्यांनी खरचटलेल्या पाठी अशा जुन्या खुणा अंगावर वागवीत स्वस्थपणे चरणारे हत्ती कोणत्याही हत्तींच्या रानात दिसतात. हे व्रण कोणीही औषध न लावता रूढ झालेले असतात.

परंतु माती जंतुघ्न असते असे सरसकट म्हणणे धाडसाचे आहे. फ्रान्समधील दोन हिरव्या मृत्तिकांची प्रयोगशाळेत तुलना करून २००८ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दोन्ही मृत्तिका घटनेने बऱ्याच सारख्या. त्यांपैकी एकीने अनेक रोगजंतूंचा नाश केला, तर दुसरीमुळे जंतूंची वाढ उलट जोमाने झाली. गढूळ डबक्यातील चिखलात मलमूत्र असते, धनुर्वाताच्या जंतूंची बीजे असतात. हत्तीने चिखल लावला म्हणून चिखल हे व्रणौषध ठरत नाही. आपल्या रुग्णांच्या उघड्या जखमेवर माती लावण्याचे समर्थन तर या उदाहरणाने मुळीच करता येत नाही. हत्तीकडे लावण्यासारखे दुसरे काही नसते, आपल्याकडे असते.

हत्ती औषधी ओळखतो का?

वनस्पती ओळखण्यासाठी गोपाळ, मेंढपाळ व वनवासी यांच्याकडे जावे, असा उपदेश संहितांत आहे. जनावरांमागे फिरणाऱ्या माणसाला कोणत्या वेळी कोणते पान खाल्ले जाते हे दिसते, असा त्याचा आशय आहे. आधुनिक प्राणिशास्त्रातही गेल्या काही दशकांत या विषयाची एक स्वतंत्र शाखा उभी राहिली आहे.

तिच्यातील अत्यंत बोलके उदाहरण इंडोनेशियातील सुमात्रा बेटावरचे आहे. जून २०२२ मध्ये राकुस नावाने ओळखल्या जाणाऱ्या नर ओरांगउटानच्या गालावर मोठी जखम झाली. तीन दिवसांनी त्याने फायब्रॉरिया टिंक्टोरिया या वेलीची पाने चावली, त्यांचा रस बोटाने जखमेवर वारंवार लावला आणि शेवटी चोथ्याने जखम झाकली. पुढील पाच दिवसांत जखम बंद झाली. हे निरीक्षण मे २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. ही वेल आपल्या गुडूचीच्याच कुलातील आहे आणि दारुहरिद्रेमुळे आपणास परिचित असलेल्या बर्बेरीनच्या वर्गातील द्रव्ये तिच्यात आहेत, हे वाचून कोणाही वैद्याचे कुतूहल जागे होईल. टांझानियातील महाले येथे आजारी चिंपांझी व्हर्नोनिया वर्गातील कडू झुडपाचा गर चघळतात, ही मायकेल हफमन यांची नोंदही प्रसिद्ध आहे. आपली सहदेवी दीर्घकाळ याच वर्गात गणली जात असे.

हत्तीच्या बाबतीत या तोडीचा पुरावा अद्याप पुढे आलेला नाही. केनियात एका गर्भिणी हत्तिणीने नेहमी न खाल्ले जाणारे झाड खाल्ले व नंतर ती प्रसूत झाली, हे होली डब्लिन यांचे निरीक्षण वारंवार उद्‌धृत केले जाते. पण ते एकच आहे. एल्गन पर्वतावरील किटुम गुहेत हत्ती सुळ्यांनी खडक खणून क्षारयुक्त माती खातात, हे निर्विवाद आहे. तो मात्र आहारातील लवणाची उणीव भरून काढण्याचा प्रकार आहे. लाओसमधील माहुतांकडून, हत्ती आजारी असता कोणत्या वनस्पती निवडतो याची माहिती संशोधकांनी गोळा केली आहे. ही माहिती मोलाची असली, तरी ती तपासणीची सुरुवात आहे. आप्तोपदेशाला प्रत्यक्षाची व युक्तीची जोड मिळाल्याशिवाय आपले शास्त्रही कोणतेही द्रव्य स्वीकारीत नाही.

स्वयंरोपणाची सीमा

हत्तीची त्वचा पाठीवर व बाजूंवर दोन-अडीच सेंटिमीटर वा अधिक जाड असते. हे कवच बाहेरील आघातापासून रक्षण करते. परंतु शल्य एकदा आत गेले की तेच कवच घातक ठरते. गोळी, सुळ्याचे टोक किंवा बाण आत शिरल्यावर वरचे छिद्र लहान असते. ते आकुंचित होऊन मिटू लागते आणि खाली पूय साचतो. पूयाला बाहेर पडण्यास वाट नसल्याने तो मांसाच्या थरांमधून पसरतो, गती निर्माण होतात आणि नाडीव्रण बनतो. बाहेरून पाहणाऱ्याला जखम भरत आल्याचा भास होतो, आत मात्र कोथ चालू असतो. अंतर्दोष शिल्लक असता घाईने व्रणरोपण करू नये, ही सुश्रुतांची आज्ञा येथे अक्षरशः लागू पडते. हत्तीचे शरीर ही घाई स्वभावतःच करते आणि चिखलाचा थर त्या मुखावर आणखी एक झाकण घालतो.

केरळमधील दोन घटना या मर्यादेची साक्ष देतात. मे २०२० मध्ये पालक्काड जिल्ह्यात एका गर्भिणी हत्तिणीच्या तोंडात स्फोटक भरलेल्या फळाचा स्फोट झाला. रानडुकरांपासून पीक वाचविण्यासाठी अशी फळे ठेवली जातात. जबडा व मुख विदीर्ण झाल्याने तिला खाता-पिता येईना. ती वेळ्ळियार नदीत उतरली आणि सोंड व तोंड पाण्यात बुडवून उभी राहिली. तिला बाहेर काढण्यासाठी कुमकी हत्ती आणण्यात आले, तरी ती हलली नाही आणि २७ मे रोजी उभ्यानेच गतप्राण झाली. शवविच्छेदनात मुखातील व्रणांचा जंतुसंसर्ग, दीर्घ उपवासाने आलेली क्षीणता आणि फुप्फुसात शिरलेले पाणी आढळले. दाह शमविण्यासाठी आणि माश्या टाळण्यासाठी पाण्याचा आश्रय घेणे हे तिचे वर्तन योग्यच होते. पण तुटलेल्या अस्थी व सडलेले मांस यांवर पाणी हा उपाय नव्हता. शेवटी तेच पाणी तिच्या मृत्यूचे तात्कालिक कारण ठरले.

दुसरी घटना जानेवारी-फेब्रुवारी २०२५ मधील, त्रिशूर जिल्ह्यातील अतिरप्पिळ्ळी येथील. एका नर हत्तीच्या मस्तकावर खोल व्रण होता. दुसऱ्या हत्तीशी झालेल्या झुंजीत तो झाला असावा, असा अंदाज होता. २४ जानेवारीस भूल देऊन व्रण स्वच्छ करण्यात आला व हत्तीला रानात सोडण्यात आले. व्रण पुन्हा चिघळला, त्यात अळ्या पडल्या. १९ फेब्रुवारीस त्याला पुन्हा भूल देऊन कोडनाड येथील केंद्रात हलविण्यात आले. त्याची सोबत करणारा दुसरा नर हत्ती त्या वेळी त्याला आधार देऊ पाहत होता, हे दृश्य अनेकांनी पाहिले. २१ फेब्रुवारीस तो हत्ती मरण पावला. येथे सोबती होता, माती होती, पाणी होते, आणि एकदा वैद्यकीय उपचारही झाला होता. परंतु खोल व्रणाचे शोधन एका दिवसात पुरे होत नाही, आणि मोकळ्या हत्तीला दररोज शोधन मिळत नाही. वन्य गजचिकित्सेतील खरी अडचण हीच आहे.

उपचाराची रीत

वन्य हत्तीच्या उपचाराचा पहिला टप्पा दुरून निरीक्षणाचा असतो. हत्ती खातो का, सोंडेने पाणी पितो का, चारही पायांवर भार देतो का, लीद कशी आहे, तो कळपाबरोबर आहे की एकटा पडला आहे, हे काही दिवस पाहिले जाते. शक्य असल्यास फणस, केळी वा गुळात औषधे दडवून दिली जातात. एवढ्याने भागत नसेल तरच भुलीचा विचार केला जातो.

भूल हीच मोठी जोखीम आहे. भारतात बहुधा झायलाझीन व केटामीन यांचा संयोग वापरला जातो, आफ्रिकेत एटॉर्फीन. दोन्हीकडे उतारा देऊन हत्तीला शुद्धीवर आणता येते. हत्तीच्या फुप्फुसाभोवती इतर सस्तन प्राण्यांप्रमाणे मोकळी पोकळी नसते. फुप्फुस छातीच्या भिंतीशी संयोजक ऊतीने जोडलेले असते. श्वसन सर्वस्वी छातीच्या व श्वासपटलाच्या हालचालीवर अवलंबून असते. म्हणून भुलीत हत्ती उरोभागावर बसला तर थोड्याच वेळात श्वास कोंडतो. त्याला कुशीवर पाडावे लागते किंवा उभ्याने गुंगीत ठेवावे लागते. पाण्याजवळ, उतारावर वा भर उन्हात भुलीची सुई मारीत नाहीत. पडल्यावर सोंडेच्या टोकाशी काडी लावून श्वासमार्ग उघडा ठेवतात, कान डोळ्यावर पांघरतात आणि कानावर पाणी ओततात. कारण कानातील सिरांच्या जाळ्यातून शरीराची उष्णता बाहेर जाते.

त्यानंतरचे कर्म कोणाही शल्यतंत्रज्ञाला ओळखीचे वाटेल. व्रणमुख विस्तृत करणे, एषणीने गती शोधणे, शल्य काढणे, मृत मांसाचे छेदन-लेखन, भरपूर प्रक्षालन, आणि पूयाला खालच्या बाजूने वाट ठेवणे. व्रण लांब-रुंद, सुविभक्त व निराश्रय असावा, म्हणजे पूयाला दडण्यास जागा राहू नये, हा सुश्रुतांचा निकष येथे जीवनमरणाचा ठरतो. पट्टबंध टिकत नाही, कारण हत्ती तो सोंडेने काढून टाकतो. म्हणून दीर्घकाल टिकणारे प्रतिजैविक टोचले जाते आणि व्रण उघडाच ठेवला जातो.

केनियात वन्यजीव सेवेच्या पशुवैद्यकांबरोबर शेल्ड्रिक वन्यजीव न्यासाची फिरती पथके हे काम करतात. तेथे विषारी बाणांचे व्रण विशेष आढळतात. हे विष अकोकँथेरा या झाडापासून काढतात. हे झाड आपल्या करवीराच्या कुलातील असून त्याचा परिणामही तसाच हृदयावर होतो. व्रण धुऊन, मृत मांस काढून, प्रतिजैविक दिल्यानंतर ही पथके व्रणात हिरवी मृत्तिका भरतात, जेणेकरून माश्या व घाण दूर राहावी. हत्ती आणि पशुवैद्य दोघेही मातीच वापरतात, हे साम्य विचार करण्याजोगे आहे. फरक क्रमाचा आहे. पशुवैद्य निवडलेली स्वच्छ मृत्तिका शोधनानंतर वापरतो. हत्ती मिळेल ती माती शोधनाविना वापरतो. आपल्या षष्ट्युपक्रमांतही उपक्रमांच्या संख्येइतकेच महत्त्व त्यांच्या क्रमाला आहे.

अळ्यांविषयीही आपल्याकडे सूक्ष्म विचार आहे. मक्षिकांनी व्रणात कृमी उत्पन्न केल्यास सुरसादि गणाने प्रक्षालन, सप्तपर्ण-करंज-अर्क-निंब यांच्या सालींचा गोमूत्रात वाटलेला लेप, क्षारोदकाचा सेक, अथवा मांसाचा तुकडा ठेवून कृमींना बाहेर आकर्षित करणे, असे उपाय सुश्रुतांनी सांगितले आहेत. यांतील कोणते उपाय शिबिरांतील हत्तींवर, पशुवैद्यकांच्या देखरेखीखाली, तुलनात्मक रीतीने तपासता येतील याचा विचार व्हावयास हवा. मधासारखे उत्तम रोपण द्रव्यही रानात मुंग्या ओढून आणील, याचे भान अशा विचारात ठेवले पाहिजे.

हस्तक्षेपाचे मूल्य

उपचार नेहमी हितकरच होतो असे नाही. मुदुमलाईनजीक मसिनगुडी परिसरातील ‘रिवाल्डो’ या नर हत्तीच्या सोंडेचा शेंडा तुटला होता. वन विभागाने त्याच्यावर उपचार केले. तो जगला, पण खाद्यातून औषध व माणसांच्या हातचा आहार यांमुळे वस्तीला सरावला. अखेर मे २०२१ मध्ये त्याला पकडून लाकडी कोंडवाड्यात ठेवावे लागले आणि ऑगस्टमध्ये गळ्यात रेडिओ पट्टा बांधून दूर रानात सोडण्यात आले. तो थोड्याच काळात जुन्या परिसरात परतला.

त्याच परिसरात जानेवारी २०२१ मध्ये घडलेली घटना अधिक क्लेशदायक आहे. पाठीच्या जखमेवर वन विभागाचे उपचार चालू असलेला एक हत्ती निवासी संकुलाजवळ आला असता त्याच्यावर पेटती वस्तू फेकण्यात आली. कान भाजला, रक्तस्राव झाला, आणि १९ जानेवारीस तेप्पक्काडू शिबिराकडे नेत असताना तो मरण पावला. निदानपरिवर्जन ही चिकित्सेची पहिली पायरी आपण शिकतो. वन्य हत्तीच्या व्रणाचे निदान बहुशः फास, स्फोटक फळ, गोळी, वीजप्रवाह सोडलेली तार यांत असते. ही कारणे तशीच ठेवून केलेली चिकित्सा अपुरीच राहणार.

आपले कर्तव्य

हा विषय आता महाराष्ट्राला परका राहिलेला नाही. २००२ च्या सुमारास कर्नाटकातून हत्ती सिंधुदुर्ग जिल्ह्यातील दोडामार्ग भागात आले. २०२१ मध्ये छत्तीसगडमधून एक कळप गडचिरोलीत उतरला. या भागांत व्यवसाय करणाऱ्या वैद्यांना जखमी हत्तीची बातमी गावकऱ्यांकडून वन विभागाच्या आधीही कळू शकते. अशा वेळी काय करावे, हे संक्षेपाने सांगतो.

१) हत्ती हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीतील प्राणी आहे. त्याला भूल देणे वा पकडणे मुख्य वन्यजीव रक्षकांच्या परवानगीनेच होते. स्वतः जवळ जाण्याचा वा औषधी खाद्य ठेवण्याचा मोह टाळावा आणि तात्काळ वन विभागास कळवावे.

२) कळविताना वैद्याच्या दृष्टीने केलेले निरीक्षण द्यावे. व्रणाचे स्थान, स्राव, गंध, अळ्या, लंगडणे, सोंडेचा वापर, खाणे व लीद, सोबत पिलू आहे का, ही माहिती पशुवैद्यकास फार उपयोगी पडते.

३) गर्दी होऊ देऊ नये. जखमी हत्तीला पाणी, सावली व निवांतपणा मिळणे हेच त्याचे व्रणितोपासन होय. फटाके व आरडाओरडा यांनी त्याला तेथून हुसकणे म्हणजे रुग्णाला शय्येवरून उठविणे होय.

४) शेतात स्फोटक फळे वा उघडी वीजतार ठेवू नये, हे गावातील ज्येष्ठ वैद्याने सांगितलेले अधिक ऐकले जाते. ज्याचे पीक गेले त्याचे दुःखही खरे असते. म्हणून नुकसानभरपाईचा अर्ज वेळेत भरण्यास त्याला साहाय्य करावे.

५) माहूत व वनवासी बांधवांकडील निरीक्षणे स्थळ, काळ व वनस्पतीच्या नमुन्यासह नोंदवावीत. ‘हत्ती ही पाने खातो’ आणि ‘आजारी हत्ती एरवी न खाल्ली जाणारी ही पाने खातो’ यांतील अंतर नोंदीत स्पष्ट असावे.

उपसंहार

हत्तीच्या वर्तनातून आपण शिकावे असे पुष्कळ आहे. व्रणाला माश्यांपासून जपणे, दाह शमविणे, विश्रांती देणे आणि आप्तांनी जवळ असणे, या साध्या गोष्टी बरेच व्रण भरून आणतात, आणि आपण औषधांच्या नादात त्यांकडे कधी कधी दुर्लक्ष करतो. पण गोळी, फास आणि खोल गेलेला सुळा यांच्यापुढे हा निसर्गोपचार अपुरा पडतो. तेथे शोधन जाणणाऱ्या हातांची गरज असते, आणि ते हात वेळेत पोहोचावे लागतात. व्रण कोणत्या अवस्थेत आहे, याचा निर्णय आपण रोज आपल्या रुग्णांत करतो. हत्तीच्या बाबतीत असा निर्णय करणाऱ्या पशुवैद्यकास आपल्या निरीक्षणाचे व शास्त्राचे साहाय्य देणे, ही पालकाप्य परंपरेची यथार्थ सेवा ठरेल.